पुढच्या थांब्याचं तिकीट

लग्नकार्यात नवीन ओळख झाली की "आपण काय करता?" असा प्रश्न येतोच. इतकी वर्षं मी त्याचं एकच उत्तर देत आले : बसमधली माणसं मोजते. समोरचा हसतो, मी हसत नाही हे पाहून थांबतो. माझे यजमान सुधीर शेजारी असले तर भर घालतात, "आणि घरी पोळ्या मोजते." ते खोटं नाही. कोणी किती खाल्ल्या हे मला न मोजताही कळतं. सवय लागली की लागली.

यंदा मी नोकरी सोडली. आता कोणी विचारलं तर "मोजत होते" म्हणावं लागेल. त्याआधी एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहायला घेतलं.

शहरातली बस कुठून कुठे जावी, किती वेळाने सुटावी, कुठे थांबावी, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ठरवणाऱ्याला आकडे लागतात. ते जमवून, तपासून, त्यांचा अर्थ लावून देणाऱ्या एका खाजगी सल्लागार कार्यालयात मी काम करत होते. आमची मुलं-मुली बसमध्ये चढायची, कोण कुठे चढलं, कुठे उतरलं हे टॅबवर नोंदवायची आणि प्रवाशांना चार प्रश्न विचारायची. कुठून आलात, कुठे निघालात, कशासाठी, आणि दुसरी सोय असती तर गेला असता का. ती माहिती माझ्या टेबलावर यायची. त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम. अकोल्याला माझे वडील पोस्टात होते. संध्याकाळचा हिशेब जुळेपर्यंत ते जेवत नसत. त्यांच्याकडून मला एवढंच मिळालं, पण ते पुरलं.

आता या धंद्यातली मुख्य गोष्ट. नुसती मोजदाद करून भागत नाही. उद्या बस वेगळ्या रस्त्याने नेली तर माणसं काय करतील, हे आज सांगावं लागतं. त्यासाठी अर्थशास्त्रातून एक माणूस उसना घेतलेला आहे. तो पक्का हिशेबी. घरातून निघताना तो प्रवासाचा वेळ, भाडं, चालणं आणि वाट पाहणं अशा चार गोष्टी तराजूत टाकतो आणि ज्यात त्रास सगळ्यात कमी ती वाट धरतो. चालण्याचं एक मिनिट त्याला बसमध्ये बसलेल्या दोन मिनिटांएवढं जड वाटतं, असं आम्ही ढोबळमानाने धरायचो. अशी हजारो माणसं संगणकात सोडायची आणि ती कुठे जातात ते पाहायचं. याला मॉडेल म्हणतात. आमच्या कार्यालयात या माणसाचं नाव पडलं होतं हिशेबे. "हिशेबे या बसने जाईल का?" असं आम्ही अगदी गंभीरपणे एकमेकांना विचारायचो.

हिशेब्यांची कोणी टिंगल केली तर मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवते. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं. कर्वेनगरात आमच्या सोसायटीजवळचा थांबा हलवला तेव्हा "कोणीही एवढं चालणार नाही" म्हणून सह्यांची मोहीम निघाली. हिशेबे म्हणाले, चालतील, कारण तिथे बस जास्त येतात. महिन्याभरात सह्या करणारे सगळे नव्या थांब्यावर दिसायला लागले. त्यात सुधीरही होते. त्यांनी दोन सह्या केल्या होत्या, एक माझ्या नावाची.

कधी कधी हिशेब्यांना खरी माणसं भेटत. याच कर्वेनगरात एका निवृत्त गृहस्थांना मी स्वतः विचारलं, "काका, दहा मिनिटं लवकर पोचवणारी बस असेल तर थोडं जास्त भाडं द्याल का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाचलेल्या दहा मिनिटांचं मी काय करायचं, ते आधी सांगा."

"घरी लवकर पोचाल."

"लवकर पोचलो की आमची ही भाजी आणायला पिटाळते. दहा मिनिटं उशिरा पोचवणारी बस काढा, तिला जास्त देतो."

हे मी कार्यालयात सांगितलं तेव्हा प्रधान साहेब खूप हसले. प्रधान साहेब म्हणजे आमचे प्रमुख. परदेशात शिकलेले, मॉडेल त्यांनीच बसवलेलं. माणूस सज्जन, पण हसून झालं की प्रत्येक विनोदाचा हिशेब करणार. म्हणाले, "वानखेडे मॅडम, हेही बसतं. त्यांच्या वेळेची किंमत उणे धरा." ते खरंच होतं. हिशेब्यांच्या तराजूत काहीही टाकता येतं, फक्त ते काय आहे हे आधी कळायला हवं. ते कळतं कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. पुढे येरवड्यात पडला.

भोसरीकडून येऊन येरवड्यातून पुढे जाणारी एक बस होती. तिला फार वेळ लागतो अशी तक्रार होती. थांबे कमी केले की बस वेगाने जाते, म्हणून जवळजवळ असलेले थांबे शोधून त्यातला एक काढायचा, असं काम आमच्याकडे आलं. येरवड्यातले दोन थांबे अगदी जवळ निघाले. पहिला तुरुंगाच्या फाटकाजवळ, दुसरा थोडा पुढे. दुसऱ्या थांब्याच्या आसपास काही नाही. एक भिंत, एक बंद गोदाम, एक मोठं शिरीषाचं झाड. त्या थांब्याचं नाव मी इथे देणार नाही, बसचा क्रमांकही नाही. कारण पुढे कळेल.

दुसरा थांबा काढावा असं अहवालाच्या मसुद्यात मीच लिहिलं. हिशेबे म्हणत होते, एकाही प्रवाशाचं नुकसान नाही. उलट पुढे उतरण्यासाठी तिकिटाचा पुढचा टप्पा लागतो, तेवढे पैसे वाचतील.

आकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकली. एरवी ओस असलेल्या त्या दुसऱ्या थांब्यावर आठवड्यातल्या ठरावीक वारी बरीच माणसं उतरत होती. जवळजवळ सगळ्या बायका. कशासाठी, या रकान्यात सगळीकडे एकच : नातेवाइकांकडे. त्या थांब्याजवळ घरं नाहीत. एवढे नातेवाईक राहतात कुठे, गोदामात? नोंद करणाऱ्या मुलांनी कंटाळून एकच उत्तर भरलं असणार, असं मी धरलं आणि पडताळणीसाठी त्यातल्या एका वारी स्वतःच बसमध्ये चढले. डब्याची पिशवी खांद्याला होती.

कंडक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी ओळखपत्र दाखवून मागच्या बाकावर बसले. बस तुरुंगाच्या थांब्यावर थांबली. दोन वकील उतरले, एक पोलीस उतरला. बस पुढे निघाली. पुढच्या थांब्यावर आठ-दहा बायका उठल्या. चांगल्या साड्या, केस नीट बांधलेले, एखादीच्या डोक्यात गजरा. हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. उतरून त्या काही क्षण उगाच रेंगाळल्या. कोणी पिशवी नीट केली, कोणी पदर. बस हलली तसं मी मागच्या काचेतून पाहिलं. त्या वेगवेगळ्या, मध्ये अंतर ठेवून, आल्या वाटेने उलट्या चालू लागल्या होत्या. तुरुंगाकडे.

मी कंडक्टर बाईंजवळ गेले. "या सगळ्या मागच्या थांब्याच्या होत्या ना? मग पुढचं तिकीट का काढतात?"

त्यांनी हातातलं तिकिटाचं मशीन माझ्यापुढे धरलं. "यात बघा मॅडम. कारणाचं बटण कुठे दिसतंय का?"

मी पुढे उतरून परत त्या थांब्यावर आले आणि शिरीषाच्या सावलीत बाकड्यावर बसले. जाताना मोजल्या तशा येतानाही मोजायच्या, एवढंच डोक्यात होतं. ऊन चढलं तशा त्या परतल्या. जाताना सुट्या सुट्या होत्या, येताना एकत्र. कोणी रडलेली होती, कोणी नुसतीच गप्प. बाकड्यांवर बसल्या आणि सगळ्यांनी पिशव्यांतून डबे काढले.

माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. लोणी काळभोरच्या आजी, हे नंतर कळलं. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहून म्हणाल्या, "नवी हायस व्हय? पयल्यांदा असंच हुतं. घास गिळत न्हाई. पर खायाचं."

मी काही बोलायच्या आत पलीकडच्या बाईंनी माझा डबा काढून उघडलासुद्धा. साधारण पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. त्यांना मी मंदाताई म्हणेन. "कोबी आहे," त्यांनी जाहीर केलं. "त्याले आवडते का कोबी? आवडत असन बा. आजी, तुम्ही घ्या हे. अन् बाई, तुम्ही हे घ्या."

माझ्या हातात दुसराच डबा आला. आत पाटोडी होती, लालभडक तर्रीतल्या बेसनाच्या वड्या, वर कोथिंबीर. पुण्यात येऊन मला तीस वर्षं झाली, पण ती चव आमच्या अकोल्याच्या स्वयंपाकघरातली होती. मी तीन घास खाल्ले आणि मग विचारलं, "पण माझा डबा आजींना का?"

"आपलं आपण नाही खायाचं इथं," मंदाताई म्हणाल्या. "घरचं जेवण आत जाऊ देत नाहीत, माहीत आहे मले. तरी हात राहत नाही. माह्या पोराले पाटोडी आवडते, म्हणून दर भेटीले करते. मग ते परत आणायचं. त्याच्यासाठी केलेलं माह्याच घशाखाली कसं उतरन? म्हणून माह्या पोराचं ह्या आजी खातात, अन् आजीच्या नातवाचं मी."

"तिचं लई तिखट असतं," आजी म्हणाल्या. "पोरगं आत हाय, अन् जाळ माज्या पोटात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग आजींनी विचारलं, "तुजं कोण हाय गं आत?"

वडिलांचा हिशेब इथे आडवा आला. "नवरा" म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मला ते जमेना. म्हटलं, "माझं आत कोणी नाही. मी बसच्या पाहणीचं काम करते. हा थांबा ठेवायचा की काढायचा, ते बघायला आलेय."

एकीने डब्याला झाकण लावलं. आजी माझ्या कोबीकडे पाहत राहिल्या, खावं की ठेवावं या विचारात. मंदाताईंचा आवाज खाली आला. "काढणार?"

"अजून ठरलं नाही." हे खरं होतं, पण मसुदा माझ्या पिशवीत होता.

"काढू नका बाई," त्या म्हणाल्या. मग हळूहळू सांगितलं. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी भोसरीत आल्या. मुलगा आत आहे हे त्यांच्या गल्लीत कोणाला माहीत नाही. सगळ्यांना तो सुरतला कामाला आहे असं सांगितलंय. मुलगी इथे शिकते, वसतिगृहात राहते, तिच्या खोलीतल्या मैत्रिणींनाही सुरतच ठाऊक. आणि या बसमध्ये गल्लीतलं कोणी ना कोणी रोज असतं.

"माणूस ज्या थांब्यावर उतरते ना बाई, त्याच थांब्याचं होऊन जाते. जेलच्या थांब्यावर उतरली की मी जेलची झाली. माहं एक सोडा, माही पोरगीबी जेलची होते."

इतकी वर्षं तोंडात बसलेला प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. "समजा हा थांबा नसला, तर तुम्ही काय कराल?"

हा प्रश्न आम्ही दिवसातून शंभरदा विचारतो. लोक सांगतात, रिक्षाने जाईन, दुसरी बस धरेन. मंदाताई रिकाम्या डब्याच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या.

"मग येणं कमी होईन," त्या म्हणाल्या. "दर भेटीले नाही जमणार. त्याले काय सांगू? थांबा नव्हता म्हणून माय आली नाही?"

माझ्या मॉडेलमध्ये थांबा काढल्यावर एकाही प्रवाशाचं नुकसान नव्हतं. आणि इथे एका मुलाच्या वाट्याला आईच्या भेटी कमी येणार होत्या. मी म्हटलं, "मंदाताई, हे सगळं मी अहवालात लिहिते. मग थांबा नक्की राहील."

त्या एकदम उठूनच उभ्या राहिल्या. "लिहू नका! लिहिलं की कोणी वाचन. कैद्यांच्या घरच्यांसाठी हा थांबा, असं सगळ्याले समजन. मग हाही जेलचाच थांबा झाला ना?"

त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. त्या थांब्याचा उपयोग एकच, की तो कशासाठी आहे हे कोणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रधान साहेबांकडे गेले आणि दार लावून सगळं सांगितलं, नावं वगळून. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "हे फार वाईट आहे हो," ते म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. पण मग चष्मा लावला. "मॉडेलमध्ये लाज घेऊ या आपण. लाज किती मिनिटांची धरायची? त्यांना विचारता येईल का? म्हणजे, लोकांनी ओळखू नये म्हणून तुम्ही किती मिनिटं जास्त चालाल, असा प्रश्न."

"साहेब, हा प्रश्न विचारला की त्या उठून जातील. मीही जाईन."

"पण मग कारण काय देणार? थांबा ठेवायचा तर कारण लिहावं लागेल. अहवाल लोकांसमोर जाणार, हरकती मागवणार. त्यांना हरकत घ्यायला सांगा."

"त्यातली एकही हरकत घेणार नाही. हरकतीवर नाव आणि पत्ता लिहावा लागतो."

साहेब पुन्हा पडद्यावरच्या मॉडेलकडे वळले. नुकसान ज्यांचं, त्यांनाच ते सांगता येत नाही, अशी रचना त्यांच्या मॉडेलमध्ये कुठेच नव्हती. मीही जागेवर येऊन बसले. जास्त सोपी वाट दिसत होती. त्या थांब्याजवळ शाळा आहे, दवाखाना आहे, काहीही लिहिता आलं असतं. जाऊन कोण बघतंय? पण खोटा आकडा किंवा खोटं कारण मी कधी लिहिलं नव्हतं, आणि चांगल्या कामासाठी लिहिलं तरी ते खोटंच राहिलं असतं.

घरी सुधीरना हे सांगितलं तेव्हा ते आमटी ढवळत होते. म्हणाले, "तुमच्या त्या हिशेब्याला कोणी विचारतं का, बाबा रे, तुला हेच का आवडतं म्हणून?"

"नाही. त्याला जे हवं ते त्याला कळतं, असं धरूनच चालतो आम्ही."

"मग बायकांनाच का कारण विचारताय?"

ते पुन्हा आमटीकडे वळले. आपण काही फार मोठं बोललो असं त्यांना वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलेलंही नाही.

हिशेब्यांचा पायाच तो आहे. माणसाला स्वतःचं हित कळतं. तो जे निवडतो ते त्याला हवं असतं. का हवं, हे विचारायचा मॉडेलला अधिकार नाही आणि गरजही नाही. आम्ही मात्र कारण समजलं नाही की निवडच चूक धरायला लागलो होतो. मी मसुदा काढला आणि तो परिच्छेद बदलला. लिहिलं : या थांब्यावर ठरावीक वारी बरेच प्रवासी उतरतात. आधीचा थांबा जवळ असूनही ते पुढच्या टप्प्याचं भाडं देऊन, जास्त वेळ बसून आणि जास्त चालून इथे उतरतात. त्याअर्थी हा थांबा त्यांना महत्त्वाचा आहे. तो कायम ठेवावा.

एवढंच. एकही शब्द खोटा नव्हता.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "पण कारण दिलं नाहीत."

"कारण प्रवाशांचं आहे, साहेब. आपलं नाही."

त्यांनी कागद पुन्हा समोर ओढला. मग सही केली आणि म्हणाले, "वानखेडे मॅडम, तुम्ही मला माझ्याच पुस्तकात पकडलंत." हरकतींच्या वेळी त्या थांब्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. बाकीचे काही थांबे गेले, बस थोडी लवकर पोचायला लागली, हा राहिला.

मला त्याचा अभिमान वाटतो आणि एक रुखरुखही आहे. त्याआधीच्या वर्षांत "नातेवाइकांकडे", "खाजगी काम", "असंच" असली उत्तरं मी किती वेळा चूक म्हणून खोडली असतील! त्यातल्या किती जणांनी माझ्यामुळे कुठे जाणं कमी केलं, हे आता कोणत्याच मॉडेलमधून निघणार नाही.

यंदा हे लिहायचं ठरल्यावर मंदाताईंना विचारल्याशिवाय लिहायचं नाही, हेही ठरलं. त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, फोनही नव्हता. भेटीचा वार तेवढा माहीत होता. डबा घेतला आणि त्या बसमध्ये चढले. कंडक्टर नवा होता, तरुण. मला थांब्याचं नाव चटकन आठवेना. मी नुसतंच "येरवडा, ते..." म्हणून अडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि मशीनमधून तिकीट काढलं. वाकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, पुढच्या थांब्यावर उतरा. तिथे बाकीच्या असतात."

"माझं तसं काही नाही" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. वाण्याने बिलात माझ्या फायद्याची चूक केली तरी मी परत जाऊन दुरुस्त करते. पण त्या मुलाला मी दुरुस्त केलं नाही. तिकीट घेतलं आणि "बरं बाळा" म्हटलं.

ऊन चढल्यावर त्या आल्या. मंदाताई होत्या, आजीही होत्या, आणखी वाकलेल्या. मंदाताईंनी मला लांबूनच ओळखलं. "कोबीवाल्या बाई!"

मी विचारलं, मुलगा कसा आहे.

"सुटला जी. घरी आहे. वर्कशॉपमध्ये लागला."

"सुटला? मग तुम्ही आता काहून येता?" त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा घरची होते.

त्यांना हा प्रश्न वेडगळ वाटला असावा. आजींकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यायचा नातू आहे ना अजून आत. ह्यायच्या डब्यातलं कोण खाईन?"

"बाकीच्या आहेत की."

"बाकीच्यायले ह्यायचं बेसनाचं पिठलं जमत नाही. मले जमते." आणि पाटोडीचा डबा आजींच्या हातात ठेवला.

"पोरगा सुटला," आजी मला म्हणाल्या, "पर तिखट काय सुटंना."

लिहू का, असं मी मंदाताईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "लिहा. माहं नाव बदला. अन् थांब्याचं नाव देऊ नका. दुसरी कोणी येत असन." म्हणून ते दिलेलं नाही. येरवड्यात थांबे बरेच आहेत आणि शिरीषाची झाडंही.

बाकड्याच्या टोकाला एक बाई बसली होती. तिशीची असेल. नवीन. डबा मांडीवर, झाकण घट्ट लावलेलं, दोन्ही हात झाकणावर. बाकीच्यांकडे न बघता तिने मला हळूच विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

मी खरं सांगणार होते. मंदाताई मध्येच म्हणाल्या, "ते मंग. आधी डबा बदला."

मी माझा डबा तिच्या हातात दिला आणि तिचा घेतला. तिने झाकणावरचे हात सोडायला जरा वेळ लावला. आत भेंडी होती, चिंचगुळाची, बारीक चिरलेली, प्रत्येक चकती सारखी. कोणाला तरी फार आवडत असावी.